जवळपास जुळणारा शोध: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात एकच आडनाव मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरांतले चार जण चार तऱ्हांनी लिहितात, आणि पाचवा ते मोबाइलवर रोमन अक्षरांत बडवतो. त्यामुळे दुकानाच्या कॅटलॉगपासून वाचनालयाच्या संगणकापर्यंत ‘माहिती आहे, पण सापडत नाही’ ही तक्रार इथे जरा जास्तच ऐकू येते. शोधणारे आणि शोधाची सोय करून देणारे, दोघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तांत्रिक भाग नको असेल तर पहिले काही प्रश्न वाचून थांबलात तरी चालेल.

जवळपास जुळणारा शोध म्हणजे नेमकं काय?

साधा शोध अक्षर न् अक्षर जुळलं तरच निकाल देतो. जवळपास जुळणारा शोध, म्हणजे ज्याला संगणकवाले फझी सर्च म्हणतात, तो थोडा फरक चालवून घेतो. ‘सोलापुर’ लिहिलं तरी ‘सोलापूर’ सापडतं. सगळा वाद ‘थोडा’ म्हणजे किती आणि कुठल्या प्रकारचा, यावर आहे. बोट घसरून झालेली चूक, कानाने ऐकून लिहिताना झालेला फरक आणि लिपी बदलताना झालेली उलथापालथ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिघांवर एकच इलाज करायला गेलं की शोध बिघडतो. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतात.

गूगल चुकीचं लिहिलेलं आपोआप समजून घेतं. मग हे शिकायचं कशाला?

गूगलवर रोजचं काम असेल तर शिकू नका, खरंच गरज नाही. अडचण येते ती दुकानाचं स्वतःचं संकेतस्थळ, महाविद्यालयाचा ग्रंथसंग्रह, जुन्या वर्तमानपत्रांचे साठे, ऑफिसातली ग्राहकांची यादी अशा ठिकाणी. गूगलच्या पाठीशी कोट्यवधी लोकांनी केलेल्या चुका आणि त्यांनी स्वतःच केलेल्या दुरुस्त्या असतात. तुमच्या चादरींच्या कॅटलॉगच्या पाठीशी असं काही नसतं. तिथे किती ढील द्यायची हे कुणीतरी माणसाने ठरवावं लागतं.

उलट अडचण आहे. गूगल माझा शब्द बदलून भलतंच दाखवतं. काय करू?

शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. दोन-तीन शब्दांचं नाव असेल तर सगळं एकाच अवतरणात टाका. तेवढ्याने भागलं नाही तर निकालांच्या पानावर ‘टूल्स’मध्ये जाऊन ‘व्हर्बेटिम’ निवडा. मग गूगल समानार्थी शब्द आणि स्पेलिंगची दुरुस्ती बाजूला ठेवतं. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावता येतं. शब्दाआधी अधिकचं चिन्ह लावून सक्ती करायची जुनी सोय २०११ मध्ये बंद झाली, तरी अजून ती शिकवणारे भेटतात.

~ हे चिन्ह लावलं की जवळपासचे शब्द येतात म्हणे?

कुठे लावता त्यावर आहे. गूगलवर हे चिन्ह पूर्वी समानार्थी शब्दांसाठी होतं आणि ते २०१३ मध्ये काढून टाकलं. पण ल्युसीन या मुक्त शोधसंचावर उभ्या असलेल्या यंत्रणांमध्ये, म्हणजे सोलर आणि इलॅस्टिकसर्च वापरणाऱ्या असंख्य ग्रंथालयांच्या आणि संस्थांच्या साठ्यांत, ते आजही चालतं. मराठी विकिपीडियाच्या शोधखान्यातही करून बघता येईल. शब्दाला चिकटून, मध्ये जागा न सोडता लिहायचं: सोलापुर~१. इथे छापलेला आकडा मराठी दिसतो आहे. तुम्ही मात्र तो इंग्रजी कीबोर्डावरचाच टाका, नाहीतर यंत्रणेला तो आकडा म्हणून कळत नाही.

जुन्या मार्गदर्शिकांत ~०.७ असं दशांशातलं काहीतरी सापडेल. ती ल्युसीनच्या ४.० आवृत्तीपूर्वीची पद्धत. आता १ किंवा २ एवढेच पर्याय.

हा १ आणि २ कशाचा हिशेब आहे?

एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती बदल लागतात, त्याचा. बदल म्हणजे एक चिन्ह घालणं, एक काढणं किंवा एकाच्या जागी दुसरं ठेवणं. या मोजमापाला लेव्हनश्टाइन अंतर म्हणतात. सोव्हिएत गणिती व्लादिमिर लेव्हनश्टाइन यांनी ते १९६५ मध्ये मांडलं, आणि तेही शुद्धलेखनासाठी नव्हे, तर संदेश पाठवताना होणाऱ्या चुका दुरुस्त करू शकणाऱ्या संकेतांसाठी. त्याच्या एक वर्ष आधी फ्रेडरिक डॅमरो यांनी टायपिंगच्या चुका तपासल्या होत्या. सुमारे ८० टक्के चुकीचे शब्द एकाच चुकीने बिघडलेले असतात, असं त्यांना आढळलं: एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेलं किंवा शेजारची दोन उलटसुलट. म्हणून बहुतेक यंत्रणा शेजारच्या अदलाबदलीलाही एकच बदल धरतात.

आता आपल्या गावाचं नाव घ्या. संगणकाच्या लेखी ‘सोलापूर’ म्हणजे स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार, र अशी सात चिन्हं. ‘सोलापुर’ पर्यंतचं अंतर १, ‘शोलापूर’ पर्यंतही १. इंग्रजांच्या काळातलं रोमन स्पेलिंग ‘एस’ पुढे ‘एच’ घालून लिहिलं जायचं, तेही अंतर १. इतपत सगळं गोड आहे.

मग सरसकट २ ठेवलं तर जास्त सापडेल ना?

जास्त सापडेल, पण काय सापडेल ते बघा. ‘चादर’ या शब्दापासून एका बदलावर सादर, चाकर आणि कादर आहेत. दोन बदलांवर आदर आहे, वानर आहे आणि गाजरही आहे. टेक्स्टाइलच्या दुकानात गाजर निघालं तर गिऱ्हाईक हसेल आणि पान बंद करेल. शब्द जितका आखूड तितकी ढील कमी हवी. इलॅस्टिकसर्चमध्ये ‘ऑटो’ नावाची सोय आहे ती हेच करते: दोन चिन्हांपर्यंतचा शब्द तंतोतंत, तीन ते पाच चिन्हांना एक बदल, त्याहून लांब असेल तर दोन.

पण हा हिशेब रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेला दिसतो. आपल्याकडे ‘पेठ’ दिसायला दोन अक्षरं, मोजायला तीन चिन्हं: प, मात्रा, ठ. म्हणजे ऑटो त्याला एक बदल देणार, आणि एका बदलावर ‘पीठ’ आहे. नवी पेठ शोधायला गेलेल्याला पीठ गिरणी दाखवायची नसेल तर मराठीसाठी या मर्यादा हाताने वाढवाव्यात. माझं मत विचाराल तर चार चिन्हांपर्यंत काहीच ढील नको, पाच ते आठला एक, आणि पुढे दोन.

देवनागरीत आणखी काय अडतं?

बरंच. या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे.

पहिली गोष्ट, डोळ्याला एक दिसणारे शब्द आतून वेगळे असतात. ‘गिऱ्हाईक’ मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डावर स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर काडीचा फरक दिसत नाही, आणि अंतर मात्र २. ‘अॅप’ लिहिताना अ वर चंद्र दिला की दोन चिन्हं होतात, आणि तयार ‘ॲ’ वापरला तर एक. तिथेही अंतर २. म्हणजे वापरणाऱ्याने काहीही चूक केलेली नसताना तुमची सगळी ढील इथेच संपते. खऱ्या चुकीसाठी काही उरत नाही.

म्हणून आधी शब्द एका साच्यात आणायचे, मग अंतर मोजायचं. ल्युसीनमध्ये भारतीय लिप्यांसाठी आणि हिंदीसाठी असे साचे तयार आहेत. हिंदीचा साचा नुक्ता म्हणजे अक्षराखालचा टिंब काढतो, अदृश्य जोडचिन्हं काढतो, हलन्त काढतो, चंद्रबिंदूचा अनुस्वार करतो आणि दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करतो. साठवलेला मजकूर आणि विचारलेला शब्द दोन्ही त्यातून गेले की ‘सोलापूर’ आणि ‘सोलापुर’ मधला फरक मुळात उरतच नाही. ‘अक्कलकोट’ आणि ‘अकलकोट’ यांतलं अंतर दोनाचं एक होतं, कारण हलन्त आधीच गेलेला असतो.

हा साचा मराठीला जसाच्या तसा लावावा का? बहुतेक ठिकाणी हो, पण डोळे उघडे ठेवून. ऱ्हस्व-दीर्घ एक केलं की ‘सूत’ आणि ‘सुत’ एक होतात. सुताच्या व्यापाऱ्याला त्याने काही बिघडत नाही, त्याच्या कॅटलॉगमध्ये कुणाचा मुलगा विकायला नाही. संतसाहित्याच्या साठ्यात मात्र दीन आणि दिन एक झालेले चालणार नाहीत. आणि हिंदीच्या साच्याला ण-न किंवा ळ-ल यांच्याशी काही देणंघेणं नाही. ‘शेंगदाना चटणी’ किंवा ‘मंगलवेढा’ लिहिणारे आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्यासाठी वेगळा नियम स्वतः घालावा लागतो. तो घालताना काळ-काल, वेळ-वेल, मण-मन या जोड्या एकमेकींत मिसळणार हे लक्षात ठेवा. सुताच्या वजनाच्या नोंदीत ‘मण’ असेल तर विशेष.

‘सोलापुरात’ लिहिलेलं पान ‘सोलापूर’ शोधल्यावर का येत नाही?

कारण मराठीत प्रत्यय लागताना शब्दच वाकतो. पूर चा पुरात होतो. म्हणून पुष्कळ जण सुचवतात तसा ‘सोलापूर*’ हा तारांकित शोधही (ताऱ्याच्या जागी पुढे काहीही चालतं) फसतो: त्यात सोलापूरला आणि सोलापूरच्या येतात, पण सोलापुरात आणि सोलापुरी येत नाहीत. अंतराने मोजलं तर ‘सोलापुरात’ तीन बदलांवर आहे आणि ‘सोलापूरच्या’ चारांवर, म्हणजे ~२ च्याही बाहेर. ‘सोलाप*’ लिहा, सगळे येतील. पंढरपूरसाठी ‘पंढरप*’. गूगलवर मात्र हे तारांकन चालत नाही. तिथे तारा अख्ख्या शब्दाची जागा घेतो, शब्दाच्या शेपटीची नाही.

शोध बनवणाऱ्यांनी प्रत्यय सोलून काढणारा टप्पा वेगळा घालावा. प्रत्ययाचं काम अंतरावर ढकलू नका.

उच्चारावरून शोधणारी पद्धत असते ना? ती का नाही वापरायची?

वापरा, विशेषतः नावांसाठी. यातली सगळ्यात जुनी साउंडेक्स, अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये पेटंट घेतलेली. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर टाकायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा आणि तीन अंकांवर थांबायचं. रोमन लिपीत सोलापूर आणि शोलापूर या दोन्ही स्पेलिंगचा संकेत एकच निघतो: एस ४१६. एका ‘के’चं अकलकोट आणि दोन ‘के’चं अक्कलकोट, दोन्ही ए २४२. सारडा आणि शारदा यांच्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगचाही एकच, एस ६३०. हा फायदा की तोटा ते तुम्ही काय शोधताय यावर.

दुबळी बाजू म्हणजे पहिलं अक्षर. येमूल हे आडनाव ‘वाय’ने लिहिलं तर वाय ५४०, आणि ‘ई’ने सुरू केलं तर ई ५४०, जुळले नाहीत. कुर्बान ‘के’ने आणि ‘क्यू’ने, तोच घोळ. देवनागरीतल्या मजकुरावर तर साउंडेक्स लावूच नका. पोस्टग्रेस डेटाबेसच्या माहितीपुस्तिकेतही हे फंक्शन युनिकोड मजकुरावर (संगणकावरची देवनागरी त्यातच साठवली जाते) नीट चालत नाही असं स्पष्ट म्हटलेलं आहे.

आम्ही १९३० च्या सोलापूर मार्शल लॉवर प्रकल्प करतोय. जुन्या कागदांत नावं कशी शोधायची?

इथे अंतर, उच्चार सगळं तोकडं पडतं. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी सारडा यांचं नाव कुठे श्रीकिसन, कुठे श्रीकृष्ण असं लिहिलेलं मिळतं. ‘किसन’ पासून ‘कृष्ण’ चार बदलांवर आहे. कुठलीही यंत्रणा एवढी ढील देत नाही आणि देऊही नये. सरळ दोन्ही रूपं ‘ऑर’ने जोडून विचारा. कुर्बान हुसेन यांच्यासाठी हुसेन, हुसैन, हुस्सेन, आणि रोमनमध्ये ‘के’ व ‘क्यू’ दोन्ही. मल्लप्पा धनशेट्टी हे नाव इंग्रजी कागदांत कुठे जोडून, कुठे तोडून लिहिलेलं असू शकतं. गावाचं नाव मात्र ‘एच’ घालूनच शोधायला सुरुवात करा, त्या काळच्या इंग्रजी कागदांत तेच चालायचं.

स्कॅन केलेल्या जुन्या पानांवरून यंत्राने वाचलेला मजकूर असेल तर चुका दिसण्याच्या असतात, ऐकण्याच्या नाहीत: घ-ध, भ-म, ख च्या जागी रव. तिथे उच्चाराची पद्धत निरुपयोगी, ~१ आणि ~२ उपयोगी.

दोन शब्द एकमेकांजवळ हवेत, शेजारीच असले पाहिजेत असं नाही. जमतं का?

जमतं. अवतरणाच्या बाहेर तेच चिन्ह लावा: "सोलापूर चादर"~५. म्हणजे दोन्ही शब्द थोड्या अंतराने आले तरी चालतील. इथे आकडा शब्दांच्या जागांचा आहे, अक्षरांचा नाही, म्हणून तो २ पेक्षा मोठा चालतो. उलट क्रमाने, ‘चादर सोलापूर’ असं शेजारी आलेलंही हवं असेल तर किमान २ लागतात. आणि अवतरणाच्या आत एखाद्या शब्दाला ~१ लावून उपयोग नाही. नेहमीच्या ल्युसीन पद्धतीत तो तिथे चालत नाही.

गिऱ्हाइकं मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहितात. कॅटलॉग मराठीत आहे.

दोन लिप्यांमध्ये अंतर मोजता येत नाही, कारण एकही चिन्ह सामाईक नसतं. कॅटलॉगमधल्या प्रत्येक नावाचं रोमन रूप आपोआप तयार करून शेजारच्या रकान्यात ठेवा आणि ढील तिथे द्या. चादर एका ‘डी’ने, दोन ‘डी’ने, शेवटी ‘ए’ किंवा ‘ई’ घालून लिहितात. भौगोलिक मानांकनाच्या नोंदीतही दोन ‘डी’ आहेत, त्यामुळे अमुकच बरोबर असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

लहान संकेतस्थळाला इलॅस्टिकसर्च बसवायची गरज नसते. पोस्टग्रेसमध्ये तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून साम्य मोजणारी पीजी-ट्रायग्रॅम ही जोड मिळते. एका ‘डी’च्या चादरीचे सात तुकडे होतात, दोन ‘डी’च्या चद्दरचे आठ, सहा सामाईक, वेगवेगळे मिळून नऊ. साम्य सहा भागिले नऊ, म्हणजे ०.६७. किती साम्य असलं की जुळलं धरायचं, तो मूळ उंबरठा ०.३ आहे, तो आडनावांसाठी फार सैल पडतो. ०.४५ च्या आसपास सुरू करून स्वतःच्या यादीवर ताडून बघा.

मी एक्सेलमध्ये व्हीलुकअपला ‘अप्रॉक्झिमेट मॅच’ दिलं, तरी चुकीचीच नावं येतात.

अडत बाजारापासून सीएच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे हा गैरसमज आहे. व्हीलुकअपमधला तो पर्याय स्पेलिंगच्या चुकांसाठी नाहीच. तो चढत्या क्रमाने लावलेल्या रकान्यात, विचारलेल्या किमतीइतकी किंवा तिच्याखालची सर्वांत जवळची किंमत शोधतो. वजनाचे टप्पे, कराचे टप्पे, कमिशनचे दर यांसाठी तो उत्तम. नावांना लावला तर काहीतरी येतं, आणि ते चूक आहे हे कळतही नाही. वाईट म्हणजे सूत्रातली चौथी बाब लिहिलीच नाही की एक्सेल हाच पर्याय गृहीत धरतं. नावांसाठी शेवटी ‘फॉल्स’ लिहा. अंदाजे जुळणीच हवी असेल तर एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरी या सोयीत दोन याद्या जोडताना फझी मॅचिंगचा पर्याय आहे. त्याचा उंबरठा मुळात ०.८० असतो.

याने शोध हळू होतो का?

पूर्वी व्हायचा. ल्युसीन ४.० पासून पद्धत बदलली आणि फरक जाणवेनासा झाला. तरी हळू वाटलं तर पहिली एक-दोन चिन्हं तंतोतंत जुळलीच पाहिजेत अशी अट घाला. अर्थात मग शोलापूरवाले बाहेर राहतील.

चादर शोधल्यावर ब्लँकेट, सोलापुरी, पांघरूण हेही यायला हवं.

ते अर्थाचं काम आहे, अक्षरांचं नाही. समानार्थी शब्दांची यादी करा. वीस-तीस ओळींची यादी दुकानातला जुना माणूस संध्याकाळभरात सांगेल, आणि ती कुठल्याही महागड्या यंत्रणेपेक्षा चांगली ठरेल.

कुठे ढील अजिबात देऊ नये?

आकड्यांना. गट नंबर, बिल नंबर, जीएसटी क्रमांक, मोबाइल, पीएनआर यांत एक अंक बदलला की दुसराच माणूस किंवा दुसरीच जमीन येते. औषधांच्या दुकानातल्या शोधात नावाच्या सूचना दाखवायला हरकत नाही, पण बिलात आपोआप ओढलं जाता कामा नये. एका अक्षराच्या फरकाची दोन औषधं वेगळ्या आजारांची असू शकतात. ग्राहकांच्या याद्यांतली दुबार नावं काढतानाही नुसत्या साम्यावर नोंदी एकत्र करू नका. एकाच पेठेत एकाच आडनावाची दहा घरं असतात, त्यामुळे वडिलांचं नाव किंवा पत्ता ताडून माणसानेच शेवटचं बटण दाबावं.

तंतोतंत जुळलेलं खाली आणि जवळपासचं वर, असं का दिसतं?

दुर्मिळ शब्दाला जास्त गुण देण्याची शोधयंत्रांची सवय. चुकीचं स्पेलिंग दुर्मिळ असतं, म्हणून काही मांडण्यांत तेच वर चढतं. उपाय: एकाच वेळी दोन शोध चालवा, एक तंतोतंत आणि एक ढील दिलेला, आणि पहिल्याला तिप्पट-चौपट वजन द्या. शिवाय निकालाच्या वर ‘तुम्ही अमुक लिहिलं, आम्ही तमुक दाखवतोय’ अशी ओळ ठेवा आणि मूळ शब्दावर परत जायचा दुवा द्या. म्हणजे ज्याला खरोखर चाकरच हवा होता त्याला चादरी चाळत बसावं लागणार नाही.